50 लिटरच्या बिअर-केगवर बसवलेली घरगुती भट्टी: सविस्तर परीक्षण

न्यूझीलंडमध्ये स्वतःच्या वापरापुरते मद्य घरी गाळण्यास 1996 पासून कायद्याची आडकाठी नाही. त्या वर्षीच्या सीमाशुल्क व उत्पादनशुल्क कायद्याने ही मुभा दिली आणि 2018 च्या नव्या कायद्यानेही ती कायम ठेवली. गाळलेले मद्य विकायचे झाल्यास मात्र परवाना घ्यावा लागतो आणि कर भरावा लागतो. या मोकळिकीमुळे इथे ऊर्ध्वपातनाचे साहित्य घरगुती बिअर-वाइनच्या दुकानांत उघडपणे मिळते आणि स्टेनलेस स्टीलचे काम करणारे छोटे वर्कशॉपवाले वापरातून काढलेल्या बिअर-केगपासून, म्हणजे बिअर साठवण्याच्या स्टीलच्या पिंपापासून, भट्ट्या तयार करून देतात. वायकाटो भागातील अशाच एका वर्कशॉपकडून मी घेतलेल्या 50 लिटरच्या भट्टीचे हे परीक्षण आहे. शरद ऋतूत परसातल्या फिजोआची (पेरूच्या कुळातल्या हिरव्या फळाची) ब्रँडी आणि एरवी उसाच्या मळीची रम, अशा दोन्ही कामांना ती पुरेशी वापरून झाल्यावरच ते लिहीत आहे.

महाराष्ट्रातील वाचकांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य गाळणे हा तिथे गुन्हा आहे, आणि त्या हेतूने भट्टीचे साहित्य जवळ बाळगणे हाही गुन्हाच आहे. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींनीही इथल्या दुकानातून भट्टी मागवण्याची घाई करू नये, कारण 5 लिटरपेक्षा मोठी भट्टी नुसती घरात ठेवण्यासाठीसुद्धा तिथल्या कर विभागाची परवानगी लागते. पुढील सर्व मजकूर जिथे हे काम कायदेशीर आहे, तिथे राहणाऱ्यांसाठी आहे.

मुळात केगच का, हा पहिला प्रश्न. बिअरचे केग 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, अन्नपदार्थांसाठीच बनवलेले आणि कर्बवायूचा दाब वर्षानुवर्षे सोसण्यासाठी घडवलेले असते. रिकामे असताना त्याचे वजन 12-13 किलोच्या घरात असते, व्यास सुमारे 40 सेंटिमीटर असतो आणि वरच्या कड्याला उचलण्यासाठी खाचा असतात. तेवढ्या जाडीचे भांडे कोणाकडून नव्याने घडवून घ्यायचे म्हटले तर एकट्या भांड्याचीच किंमत पूर्ण भट्टीच्या घरात जाईल. बाजारात तयार मिळणारे विजेचे बॉयलर बहुधा 25 लिटरचे असतात. इथल्या घराघरांत दिसणारा ‘स्टिल स्पिरिट्स’चा टी-500 हा संचही त्याच मापाचा आहे. साखरेच्या आंबवणातून निर्गंध स्पिरिट काढायचे असेल तर तेवढे माप पुरते. परंतु फळांच्या आंबवणात अल्कोहोल जेमतेम 6 ते 8 टक्के असते, त्यामुळे ब्रँडीचा हाती येण्याजोगा साठा मिळवायचा तर आंबवण भरपूर लागते. तिथे केगचे मोठे पोट खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. फेस वर चढून वाफेच्या नळीत जाऊ नये म्हणून ते पाऊणच भरावे लागते, तरीही एका वेळी 35 ते 38 लिटर आंबवण सहज बसते.

केग कुठून आले, याची चौकशी खरेदीदाराने केलीच पाहिजे, आणि या बाबतीत हे वर्कशॉप चोख निघाले. पबच्या मागच्या अंगणात पडलेले केग बेवारस दिसले तरी ते बहुतेक वेळा मद्यनिर्मात्याच्याच मालकीचे असते; त्यावर त्याचे नाव कोरलेले असते आणि घेताना भरलेली अनामत रक्कम ही काही त्याची किंमत नसते. मला मिळालेल्या केगसोबत ते वापरातून रीतसर काढून विकल्याचे बिल होते. शिवाय आतला दांडा आणि झडप वर्कशॉपनेच काढून दिली होती. दाब पूर्ण न सोडता ती काढायला गेल्यास दांडा बंदुकीतून सुटल्यासारखा वर उसळू शकतो, आणि अशा अपघातांत माणसे दगावलेली आहेत. ज्यांना केग घरीच कापायची हौस आहे, त्यांनी निदान एवढे काम तरी जाणकाराच्या हातून करून घ्यावे. ॲल्युमिनियमचे जुने केग कोणी स्वस्तात देऊ केले तर ते घेऊ नये. धुण्याच्या क्षारयुक्त पावडरीने ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

आता वेल्डिंगकडे वळू, कारण अशा भट्टीचा दर्जा केगवर कमी आणि सांध्यांवर अधिक ठरतो. केगच्या मानेवर 2 इंची ट्राय-क्लॅम्प जोड (कड्याने आवळून वरचा भाग बसवायचा जोड) वेल्ड केलेला आहे, तळाजवळ विजेच्या कॉइलसाठी एक आणि निचऱ्याच्या तोटीसाठी एक, असे आणखी दोन जोड आहेत. स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग करताना आतल्या बाजूलाही आर्गॉन वायू भरून ठेवावा लागतो. तो कंटाळा केला तर बाहेरून सांधा चांदीसारखा चकचकीत दिसतो आणि आतून मात्र करपलेल्या काकवीच्या खरवडीसारखा काळा, खडबडीत थर धरतो. त्या खडबडीत जागी आंबवणाचा गाळ अडकतो, तो धुऊन निघत नाही आणि पुढे तिथूनच गंज धरतो. मी मोबाईलचा दिवा आणि लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन तिन्ही सांधे आतून पाहिले. मानेचा आणि कॉइलचा सांधा आतूनही गुळगुळीत आहे, फक्त किंचित पिवळसर-निळी झाक आहे, आणि तेवढी चालते. निचऱ्याच्या सांध्यावर अर्ध्या बोटाएवढी जागा खरखरीत आढळली. वर्कशॉपला छायाचित्र पाठवल्यावर त्यांनी केग परत नेऊन ती जागा घासून, आम्लाने साफ करून दिली, नेण्या-आणण्याचा खर्चही घेतला नाही. ही सेवा वाखाणण्यासारखी आहे. तरीही अशी वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाने पैसे देण्यापूर्वीच आरसा आत घालून पाहावा, हे आग्रहाने सांगावेसे वाटते.

या भट्टीचा खरा उणेपणा तिच्या तोंडात आहे. 2 इंची तोंडातून हात आत जात नाही, दिव्याशिवाय तळ दिसत नाही आणि ब्रश घातला तरी तो खांद्याच्या वळणापाशी पोहोचत नाही. साखरेचे किंवा मळीचे आंबवण पातळ असते, त्यामुळे ते गाळून झाल्यावर गरम पाणी आणि धुण्याची पावडर घालून केग हलवले की काम भागते. फिजोआचे तसे नाही. या फळाचा गर रवाळ असतो आणि कितीही दाबून गाळला तरी त्याचा काही भाग खाली बसतोच. तो विजेच्या कॉइलवर चिकटला की करपतो, आणि एकदा करपलेला वास ब्रँडीत उतरला की पुन्हा गाळूनही तो पूर्णपणे जात नाही. निचऱ्याची तोटी तळाच्या मध्यभागी नसून बाजूला असल्यामुळे शेवटचे दोनेक लिटर आतच राहतात. केग उचलून तिरके करावे तेव्हा ते निघतात, आणि ओले केग काही हलके नसते. 4 इंची तोंड असते तर निदान सरळ ब्रश आणि नजर तळापर्यंत गेली असती. 8 इंची असते तर हातही गेला असता, मात्र त्याचे झाकण आणि कडे यांची किंमत बरीच वाढते.

तापवण्यासाठी 2400 वॅटची कॉइल दिली आहे. न्यूझीलंडमधील घरगुती सॉकेट 10 अँपिअरचे आणि वीज 230 व्होल्टची, म्हणजे नेहमीच्या सॉकेटवर साधारण एवढाच भार चालतो. थंड आंबवणाने भरलेले केग उकळीला यायला त्यामुळे सव्वा ते दीड तास लागतो. काहींना हे हळू वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण एकदा उकळी आल्यावर हीच कॉइल ताकद कमी न करता चालू ठेवली तर वाफ थंड करणाऱ्या बारीक नळीला ती जास्तच होते. सोबत ताकद कमी-जास्त करणारा नियंत्रक आहे आणि तो उत्तम चालतो, डब्याला पंखा आहे, अर्थिंग व्यवस्थित आहे. कॉइल द्रवात पूर्ण बुडालेली असल्याशिवाय बटण दाबू नये, ही सूचना मात्र नियंत्रकावर ठळकपणे लिहिलेली हवी होती. गॅसच्या शेगडीवर ही भट्टी तापवण्याचा विचारही कोणी करू नये. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते, सांध्यातून थोडी निसटली तरी ती जमिनीलगत पसरत जाते आणि उघडी ज्योत तिला पुरेशी असते.

संचात दोन डोकी, म्हणजे केगच्या तोंडावर बसवायचे वाफेच्या वाटेचे भाग, मिळतात, आणि तांब्याचे काम हा या संचाचा सर्वांत देखणा भाग आहे. पहिले डोके म्हणजे सुमारे 90 सेंटिमीटर उंचीचा स्तंभ. त्यात तांब्याच्या जाळीची गुंडाळी भरायची आणि माथ्यावरच्या छोट्या शीतकातून (वाफ थंड करणाऱ्या भागातून) पाणी सोडून वर आलेली वाफ काही प्रमाणात परत खाली पाडायची; अशा रीतीने वाफ आणि द्रव एकमेकांना भिडत राहिले की अल्कोहोलचे प्रमाण 90 टक्क्यांच्या पुढे जाते. साध्या ऊर्ध्वपातनाने ते सुमारे 97 टक्क्यांच्या पुढे कधीच जात नाही, कारण त्या प्रमाणाला अल्कोहोल आणि पाणी एकत्रच उकळतात. दुसरे डोके आखूड आहे: छोटी मान, खाली उतरणारा हात आणि पाण्याच्या वेष्टणातली सरळ नळी. विक्रेता स्तंभाचे गुणगान करतो, आणि ज्यांना जिनसाठी किंवा मुरवणीसाठी निर्गंध स्पिरिट हवे आहे त्यांना तो खरोखर उत्तम आहे. परंतु फळाचा वास राखायचा असेल तर तो स्तंभ खाली उतरवून ठेवावा. स्तंभातून निघालेल्या फिजोआच्या ब्रँडीला फिजोआचा वास नावालाही उरत नाही. आखूड डोक्यातून दोनदा गाळलेल्या ब्रँडीत तो अननस, पुदिना आणि कच्च्या पेरूच्या मधला गंध ग्लास नाकाजवळ नेताच ओळखू येतो. संपूर्ण संचाची किंमत या एका वासाने वसूल होते, असे मी मनापासून म्हणेन.

गोव्यात काजूची फेणी गाळताना हाच मार्ग पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस तांब्याच्या भाणात उकळायचा, पहिल्या गाळपातून सौम्य उर्राक काढायचा आणि तो पुन्हा नव्या रसाबरोबर गाळून फेणी करायची; तिथे स्तंभ नाही, जाळी नाही, आणि म्हणूनच काजूचा उग्र वास शाबूत राहतो. 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे मद्य केवळ साध्या भांड्याच्या बळावर तयार होते, हे लक्षात घेतले की आखूड डोक्याला दुय्यम समजण्याचे कारण उरत नाही. तांब्याचे महत्त्वही तिथल्या गाळणाऱ्यांना ठाऊक होते. आंबवताना तयार होणारी, कुजक्या अंड्यासारखा वास असलेली गंधकाची संयुगे तांबे धरून ठेवते. केग स्टीलचे असल्यामुळे हे काम डोक्यातल्या तांब्यालाच करावे लागते, आणि या संचात वाफेच्या वाटेवर तांबे भरपूर आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. गाळप झाल्यावर जाळी काळवंडलेली दिसते, ती त्याच कामाची खूण असते. लिंबाच्या सत्त्वाच्या कोमट पाण्यात ठेवली की ती पुन्हा गुलाबी होते.

सांध्यांतल्या वॉशरबद्दल मात्र मी समाधानी नाही. संचासोबत आलेले वॉशर पांढऱ्या रबरासारखे होते आणि ते कशाचे आहेत हे पाकिटावर लिहिलेले नव्हते. व्हिनेगर मिसळलेले पाणी उकळून पहिली धुलाई केली तेव्हाच त्यांना वास येऊ लागला, म्हणून ते काढून टाकले आणि टेफ्लॉनचे वॉशर वेगळे विकत घेतले. गरम आणि तीव्र अल्कोहोलची वाफ अनेक प्रकारच्या रबरातून नको ते पदार्थ ओढून घेते. टेफ्लॉनला तिचा काही उपद्रव होत नाही. खर्च किरकोळ आहे, पण पिण्याच्या वस्तूच्या बाबतीत ही काटकसर करायला नको होती. तांब्याच्या सांध्यांचा डाख शिसेविरहित असल्याचे लेखी आश्वासन वर्कशॉपने मागितल्याबरोबर दिले. जुन्या मोटारींचे रेडिएटर शीतक म्हणून जोडलेल्या भट्ट्यांतून शिशाची विषबाधा झाल्याची उदाहरणे अमेरिकेत नोंदलेली आहेत, तेव्हा हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नये.

दारू गाळण्याचा विषय निघाला की मराठी माणसाच्या मनात प्रथम विषारी दारूच येते, आणि ते स्वाभाविक आहे. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे मेली. ती मेली ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने, आणि ते मिथेनॉल भट्टीतून आपोआप आले नव्हते, औद्योगिक वापराचे मिथेनॉल त्या दारूत होते. साखर किंवा मळी आंबवल्यावर मिथेनॉल जवळजवळ तयारच होत नाही. फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन असते, त्यातून ते थोडे तयार होते. म्हणून गर विरघळवण्यासाठी पेक्टिन फोडणारे एन्झाइम सढळ हाताने टाकू नये, कारण त्याने रस अधिक निघतो तसे मिथेनॉलही वाढते. भट्टीतून येणारी पहिली धार टाकून दिली की सगळे मिथेनॉल गेले, हा समज इथेही पसरलेला आहे आणि तो बरोबर नाही. मिथेनॉल पूर्ण गाळपभर थोडे थोडे येत राहते. पहिली धार टाकायची ती तिच्यात ॲसिटाल्डिहाइड आणि नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारख्या वासाचे पदार्थ एकवटलेले असतात म्हणून. पहिल्या धारेचीच हवी, असा आग्रह धरणाऱ्या पाहुण्यांना त्या बरणीचा नुसता वास दिला की त्यांचे समाधान होते. शेवटच्या भागात ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो, तिथे थांबावे. मधला भागच ठेवावा आणि पाणी घालून 40 टक्क्यांवर आणावा.

हे भाग वेगळे करताना संचातल्या तापमापकावर फार विसंबू नये. तो काटा असलेला साधा तापमापक आहे आणि नुसत्या उकळत्या पाण्यात माझा तापमापक 100 ऐवजी 97 अंश दाखवत होता. तापमान चढत आहे की स्थिर आहे, एवढे तो सांगतो आणि तेवढ्यापुरता ठेवावा. छोट्या काचेच्या बरण्यांत थोडे थोडे जमवून, वास घेऊन निवड करणे हीच खरी रीत आहे. अल्कोहोलमापक 20 अंश सेल्सिअसला बरोबर वाचतो, तेव्हा शीतकातून कोमट द्रव येत असेल तर आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. बरण्या काचेच्याच असाव्यात, प्लॅस्टिकच्या नसाव्यात.

सुरक्षिततेच्या दृष्टीने या भट्टीची मूळ रचना योग्य आहे, आणि मला सर्वांत जास्त भरवसा याच गोष्टीमुळे वाटतो. केगच्या पोटापासून शीतकाच्या टोकापर्यंत वाफेची वाट कुठेही बंद करता येत नाही. मध्ये झडप नाही, बारीक छिद्र नाही, त्यामुळे आत दाब साठत नाही. केग दाब सोसू शकते म्हणून कोणी वाटेत तोटी बसवायला सांगितली, तर त्याचे ऐकू नये. स्तंभ बसवल्यावर एकूण उंची दीड मीटरच्या आसपास जाते आणि वरचा भाग जड होतो. भट्टी टेबलावर न ठेवता जमिनीवर, सपाट जागी ठेवावी आणि स्तंभाला भिंतीशी एक पट्टा द्यावा. गॅरेजचे दार उघडे ठेवावे, आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवावे, आणि भट्टी चालू असताना तिथून उठून जाऊ नये.

शीतकाला पाणी भरपूर लागते. नळाचे पाणी सरळ गटारात सोडणे मला पटत नाही, म्हणून 200 लिटरच्या पिंपात पाणी भरून छोट्या पंपाने ते फिरवत ठेवतो; आखूड डोक्यासाठी तेवढे पाणी पूर्ण गाळपभर पुरते, स्तंभ लावला तर शेवटी शेवटी पाणी तापते आणि पिंपात बर्फाच्या बाटल्या टाकाव्या लागतात. पंप संचात येत नाही.

केग, दोन्ही डोकी, कॉइल आणि नियंत्रक मिळून मला हजार डॉलरच्या आत खर्च आला, त्यात टेफ्लॉनचे वॉशर, पंप आणि चांगला अल्कोहोलमापक यांची भर पडली. फक्त साखरेच्या आंबवणातून निर्गंध स्पिरिट काढणाऱ्याने 25 लिटरचा तयार संच घ्यावा. तो हलका आहे आणि धुवायला सोपा आहे. ज्यांच्या परसात फिजोआ, प्लम किंवा नाशपाती आहेत आणि त्या फळाची ब्रँडी करायची आहे, त्यांनी हेच केग घ्यावे, पण मागणी नोंदवतानाच दोन बदल सांगावेत. वर्कशॉप थोडे अधिक पैसे घेऊन मानेवर 4 इंची जोड बसवून देते, तो बसवून घ्यावा. आणि निचऱ्याची तोटी तळाच्या मध्यभागी लावायला सांगून केगखाली तीन पायांचे स्टँड मागून घ्यावे. स्तंभ नको असल्यास तो वगळूनही संच मिळतो आणि किंमत बरीच उतरते.